झालंबाईचा पहिला दिवस

माझं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, आणि तेही पगार घेऊन. शर्टांच्या कारखान्यात मी चेकिंगला होते. समोर टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट आणि हातात शर्ट. कॉलर वाकडी, टाका सुटलेला, बटण जरासं खाली, माझ्या नजरेतून काही निसटायचं नाही. बायका मला टरकून असायच्या. पाठीमागे मला काय काय म्हणायच्या तेही मला ठाऊक आहे, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. फक्त एका बाईचे शर्ट टेबलावर आले की माझी पंचाईत व्हायची. उलटे करा, सुलटे करा, उजेडात धरा, नाव ठेवायला काही सापडायचंच नाही. इतका राग यायचा म्हणून सांगू!

ती काजं-बटणाला होती. एक शर्ट संपला की धागा कापायची, शर्ट झटकायची आणि स्वतःशीच म्हणायची, "झालं." मग पुढचा शर्ट. दिवसभर आपलं झालं, झालं, झालं. अर्ध्यात टाकून उठणं तिला जमायचंच नाही. जेवणाची सुट्टी होऊ दे, सुपरवायझर येऊन बोंबलू दे, हातातलं पुरं झाल्याशिवाय बाई हलायची नाही. एकदा आगीची घंटा वाजली. खोटीच होती, पण तेव्हा कुणाला माहीत! सगळ्याजणी जिन्याकडे पळाल्या आणि ही बसली आहे बटण लावत. मी दंडाला धरून ओढलं तर म्हणते, "थांब गं, धागा तरी कापू दे." अख्खा कारखाना तिला झालंबाई म्हणायचा. अशी बाई परक्यांकडे जाऊ द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि तिची माझ्या दादाशी गाठ घालून दिली. तेव्हापासून ती माझी वहिनी.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. कमी बोलणारा माणूस. त्याला विचारलं, बायको कशी आहे, तर म्हणायचा, "चांगली आहे." दहा वर्षांनी विचारलं तरी तेच. पण संध्याकाळी कामावरून आला की चपला काढायच्या आधी "अगं" अशी हाक मारायचा, आणि आतून "आले" ऐकू आलं की मगच चपला काढायचा. नणंद म्हणून मी त्या घरात बऱ्याच खोड्या काढल्या, पण या गोष्टीची मला कधी चेष्टा करावीशी वाटली नाही.

पुढे कारखान्यात काजं-बटणाचं नवं यंत्र आलं आणि वहिनी घरी बसली. त्याच सुमाराला त्यांची लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना तिनं तिचं व्हिडिओ गेमचं यंत्र टीव्हीला जोडलं, आईच्या हातात ते बटणांचं कंट्रोलर दिलं आणि म्हणाली, "आई, तुझे हात रिकामे राहिले तर तू आजारी पडशील." मी कपाळावर हात मारला. या वयात व्हिडिओ गेम! लोक काय म्हणतील! पण वहिनीनं ती बटणं बोटांनी चाचपून बघितली, आणि मी ओळखलं की आता ही सुटत नाही.

खेळ साधाच होता. एक पोरगी पाठीवर पिशवी घेऊन एका पडक्या घरापाशी येते. फाटकात एक म्हातारा काठी टेकून उभा असतो. तो बोलला की खाली अक्षरं उमटतात. आधी तो विचारतो, "आपलं नाव काय?" नाव घातलं की म्हणतो, "या. तुमचीच वाट बघत होतो. हे घर आता तुमचंच." बस्स. मग ती पोरगी आपली. तिच्याकडून शेत नांगरून घ्यायचं, पाणी घालायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे, फाटक लावायचं, गावात जाऊन चार लोकांशी बोलायचं. वहिनीनं पोरीचं नाव ठेवलं झालंबाई.

आणि एक गोष्ट लेकीनं आईला तीनतीनदा बजावून सांगितली. "दिवसभराचं काम झालं की पोरीला गादीवर नेऊन झोपवायचं. ती झोपली की खेळ सेव्ह होतो. ती आपणहून झोपत नाही, रात्र झाली तरी जांभया देत उभी राहते. तिला न झोपवता बंद केलंस, तर आजचं सगळं पाण्यात. उद्या उघडलंस की पुन्हा आजचीच सकाळ."

"म्हणजे धागा कापल्याशिवाय शर्ट सोडायचा नाही," वहिनी म्हणाली. "मला काय शिकवतेस?"

तिनं त्या पडद्यावर काय उभं केलं म्हणता! लाल कौलांचं घर, ओढ्यावर लाकडी पूल, सफरचंदाच्या झाडांची लांबच लांब रांग. कोंबड्यांना तिनं कारखान्यातल्या बायकांची नावं दिली होती. त्यातली एक कोंबडी दिसेल त्याला चोच मारायची. तिचं नाव चेकिंगबाई. मी विचारलं, "हे काय गं वहिनी?" तर तोंडावर हात धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मी फुगून बसले, पण खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं होतं. दादा शेजारी बसून बघायचा. संध्याकाळी पोरगी गादीवर आडवी व्हायची, पडदा काळा व्हायचा, कोपऱ्यात एक छोटा दिवा लुकलुकायचा आणि वहिनी म्हणायची, "झालं." मग दोघं जेवायला उठायची.

काही वर्षं अशी छान गेली. मग एकदा दादाचा फोन आला, "मशीन बिघडलंय. रोज तेच पाणी घालतेय, तेच गवत काढतेय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे." दादाच तो, यंत्र म्हटल्यावर त्याच्या अंगात येतं. त्यानं ते उघडलं, पुसलं, वायरी बदलल्या. तरी तेच. शेवटी लेकीला फोन लावला. तिनं आई काय काय करते ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मशीन ठीक आहे. आई पोरीला झोपवतच नाहीये."

मी तिथेच बसले होते. दादानं वहिनीकडे बघितलं, मी वहिनीकडे बघितलं. ती पोरीला घेऊन विहिरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून विहिरीपर्यंत जात होती. पडद्यावर रात्र झाली होती, पोरगी जांभया देत होती. "एवढं आटपते आणि उठते," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा विहिरीकडे वळली. ज्या बाईनं आगीची घंटा वाजताना बटण पुरं केलं, तिला काम कुठे संपतं तेच कळेनासं झालं होतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव इथे लिहून कुणाचं भलं होणार आहे? औषध आहे म्हणाले, आणि उपयोग बेताचाच आहे असंही म्हणाले. हात आणि डोकं कामात ठेवा म्हणाले. दादानं तेवढंच धरून ठेवलं. वहिनी दमून उठली की तो हळूच कंट्रोलर घ्यायचा, पोरीला घरात न्यायचा आणि गादीवर झोपवायचा. दिवा लुकलुकला की मला फोन, "आजचा दिवस सेव्ह झाला गं." जसा काही वहिनीचाच दिवस सेव्ह झाला होता. खेळ पुढे सरकतोय म्हणजे ती पुढे सरकतेय, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "दादा, पोरीला तू झोपवतोस, वहिनी नाही. कुणाला फसवतोयस?" त्यानं फोन ठेवला आणि बरेच दिवस उचलला नाही.

पण खेळ पुढे जात राहिला आणि वहिनी मागे राहिली. एका दुपारी मी गेले तेव्हा ती सोफ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पडद्यावर गिरणीवाला, पोस्टमन, शिंपीण, सगळं गाव झालंबाईच्या फाटकाशी येऊन नावानं हाका मारत होतं. इतक्या वर्षांची ओळख ना! "कशा आहात झालंबाई? सफरचंदं कशी आहेत?" वहिनी म्हणाली, "हे सगळे मला कसे ओळखतात? मी तर यांना कधी पाहिलं नाही. यांचं काही घेतलंय का मी?" तिनं कंट्रोलर फेकून दिलं. दादानं ते उचललं, गडबडीत काहीतरी दाबलं गेलं, आणि पडद्यावर नवाच खेळ सुरू झाला. पिशवीवाली पोरगी, पडकं घर, फाटकात म्हातारा.

"आपलं नाव काय?"

वहिनीचा श्वास हळूहळू खाली बसला. "बघा," ती म्हणाली, "किती सभ्य माणूस आहे. आधी नाव विचारतो." आणि ती पुढे सरकून बसली.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं जुनं शेत गेलं. त्यानं लगेच लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका. या खेळात एकच शेत राहतं, पण नव्या पोरीला झोपवलं तरच जुनं पुसलं जातं. तोवर जुनं आहे तिथेच आहे. आईला रोज नवा खेळ लावून द्या. दमली की सरळ बंद करा. फक्त झोपवू नका."

मग त्या घरात उलटी रीत सुरू झाली. आधी पोरीला झोपवण्यासाठी धडपड होती, आता तिनं झोपू नये म्हणून पहारा. रोज सकाळी नवा खेळ. रोज तोच म्हातारा, तेच पडकं घर, मूठभर बियाणं आणि एक कोंबडी. वहिनीला रोज सगळं नवं. दादा भिंतीजवळ स्टूल टाकून बसायचा, हात प्लगच्या बटणाशी. पोरगी घराच्या दाराकडे वळली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. पण वहिनी दारापर्यंत जायची आणि विसरायची, परत विहिरीकडे. मग ती दमायची आणि दादा बटण बंद करायचा.

दुपारी वहिनीचा डोळा लागला की तो जुनं शेत उघडायचा. नुसता चालायचा त्यात. पुलावरून जायचा, झाडांखालून जायचा, कोंबड्यांपाशी थांबायचा. कशालाही हात लावायचा नाही आणि न झोपवता बंद करायचा, म्हणजे त्या शेतात कायम तीच सकाळ. मी म्हटलं, "अरे कशासाठी जपतोयस?"

"ती परत आली तर?" तो म्हणाला. "तिला तिचं शेत नको?"

तोंड दिलंय देवानं म्हणून काहीही बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला उशिरा आली आहे. मी पिशवी उचलून निघाले. घरी येऊन मात्र भांडी आपटली.

पुढे हिवाळ्यात एका सकाळी त्यानं नेहमीसारखा कप पुढे केला, "अगं, चहा घे." वहिनीनं काहीतरी अनोळखी असावं तसं कपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. रागावली नाही, पण आवाज कोरडा होता. "अगंतुगं काय करता? आपली ओळख ना पाळख." दादा कप घेऊन उभाच राहिला. मी भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळानं मला मागून त्याचा आवाज आला, "चहा घ्या." तेव्हापासून तो बायकोला तुम्ही म्हणतो. संध्याकाळी बाहेरून आला तर चपला काढून मुकाट्यानं आत येतो.

आता त्या संध्याकाळचं सांगते. उजेड होता अजून. मी भाजी निवडत बसले होते, दादा स्टुलावर, वहिनी खेळत होती. माझं लक्ष गेलं ते तिच्या पाठीमुळे. ताठ. कारखान्यात बसायची तशी. बोटं न अडखळता चालत होती. बियाणं पेरून झालं, पाणी घालून झालं. कोंबडीला दाणे टाकले. विहिरीवर झाकण ठेवलं. फाटक लावलं. दर कामाला तिची मान किंचित हलायची, आणि तशी मान हललेली मी टेबलापलीकडून हजारदा बघितली होती. मी भाजी खाली ठेवली. दादानंही बघितलं होतं. तो तिच्याकडेच बघत होता, पडद्याकडे नाही.

पोरगी दारातून आत गेली. थांबली नाही. चुलीत लाकूड घातलं, दिवा मालवला, आणि गादीकडे निघाली.

"दादा!" मी ओरडले. "अरे बंद कर!"

त्याचं बोट बटणावर होतं. पण दाबेना. गेल्या कित्येक महिन्यांत त्या बाईनं एक बटण धड लावलं नव्हतं, एक घास पुरा खाल्ला नव्हता, एक वाक्य शेवटाला नेलं नव्हतं. आज ती काम संपवत होती.

पडदा काळा झाला नाही. त्यावर अक्षरं आली. वहिनी एकेक शब्द लावत वाचू लागली. "या जागी... आधीचा खेळ आहे. तो पुसून... हा ठेवायचा का?" खाली दोन चौकोन. हो आणि नाही.

तिनं मान वळवून दादाकडे बघितलं. परक्या घरी एखादी वस्तू हलवण्याआधी विचारावं, तसं विचारलं.

"आधीचा कुणाचा आहे हो?"

दादा म्हणाला, "एका बाईंचा."

"मग कसा पुसायचा? त्यांना लागेल ना तो." तिनं पुन्हा पडद्यावरची अक्षरं बघितली. "येणार आहेत का त्या परत?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, येणार आहेत म्हण, दादा, काय जातंय तुझं, 'नाही' दाब म्हण. कोण कुठली ती चेकिंगबाई कोंबडी, पण तीही माझ्या डोळ्यांपुढे आली. दादानं बटणावरचं बोट काढलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही," तो म्हणाला. "त्या नाही येणार आता."

"अरेरे," वहिनी म्हणाली. मनापासून म्हणाली. मग वळून तिनं हो दाबलं. पडदा काळा झाला, कोपऱ्यात दिवा लुकलुकला. तिनं मांडीवरचा नसलेला शर्ट झटकला.

"झालं."

दादा स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. नळाच्या आवाजातूनही मला त्याचं रडणं ऐकू येत होतं. आमची आई गेली तेव्हासुद्धा हा माणूस असा रडला नव्हता. वहिनीनं मला विचारलं, "त्या गृहस्थांना काय झालं?" मी म्हटलं, "दमलेत."

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी त्यानं यंत्र चालू केलं. सफरचंदांची रांग नाही, पूल नाही, लाल कौलं नाहीत. नवा खेळ सेव्ह झाला होता, त्यामुळे पोरगी गादीवरून उठली आणि तिचा दुसरा दिवस सुरू झाला. मला वाटलं, चला, निदान इथून तरी पुढे. काल एवढं नीट केलं, आजही करील. माणसाची आशा काय लवकर मरत नाही.

वहिनी पडद्याकडे बघत बसली. पोरगी दाराबाहेर आली, फाटकाशी गेली. फाटकात कुणी नव्हतं. पहिल्या दिवसानंतर तो म्हातारा येत नाही.

"ते कुठे गेले?" वहिनी कावरीबावरी झाली. "इथे एक गृहस्थ असायचे. नाव विचारायचे. किती चांगलं बोलायचे." तिचे डोळे भरून आले. "आता मी कुणाला विचारू, आत येऊ का म्हणून?"

अख्ख्या आयुष्यातलं तेवढंच तिच्यात उरलं होतं, एका खेळातल्या म्हाताऱ्याचं बोलणं. लेक नाही, मी नाही, दादा नाही. देवा, एवढं सगळं पुसायचं होतं तर तेवढं तरी कशाला ठेवलंस!

दादा स्टुलावरून उठला. तिच्यासमोर येऊन जरा वाकून उभा राहिला.

"आपलं नाव काय?" त्यानं विचारलं.

वहिनीनं वर बघितलं. "झालंबाई म्हणतात मला."

"या," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण त्यानं वाक्य पुरं केलं. "तुमचीच वाट बघत होतो. हे घर आता तुमचंच."

वहिनीचा चेहरा उजळला. तिनं डोळे पुसले, खोलीभर नजर फिरवली, पडदे बघितले, भिंतीवरचा लेकीचा फोटो बघितला. मग संकोचून सोफ्याच्या अगदी कडेला बसली.

"छान आहे घर," ती म्हणाली. "पण मी थोडाच वेळ थांबेन हं. घरी आमचे हे वाट बघत असतील. मी आले म्हटल्याशिवाय ते चपला काढत नाहीत."

"बरं," दादा म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा ठेवायला गेला.